हसरीचा फोटो

दालनाच्या दाराशी आईनं चपला काढल्या.

"घालून या, इथं चालतं," दारावरचा माणूस म्हणाला. आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तिनं चपला पुन्हा पायात सरकवल्या, पण आत शिरल्यावरही ती टाचा उचलूनच चालत होती, नुकत्याच सारवलेल्या अंगणातून जावं तशी.

आत पांढऱ्या भिंती आणि त्यांच्यावर काळेपांढरे फोटो. माणसं थोडी लांब उभी राहून, माना तिरक्या करून बघत होती. आईला कुठं बघायचं ते सांगावं लागलं नाही. समोरच्या भिंतीवर, सगळ्यांत मोठी, ती स्वतःच होती.

कोळसाखाणीचं लोखंडी फाटक. त्याला धरून उभ्या असलेल्या बाया. एकीनं पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, एकीचं कपाळ फाटकाच्या गजांना टेकलेलं, एक खाली बसून छाती पिटते आहे. आणि त्यांच्या मधोमध पंचविशीच्या आतबाहेरची एक बाई. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, मान वर, आणि ती हसते आहे. ओठ मिटून नव्हे; सगळे दात दिसतील असं, एखाद्या लहान पोरीसारखं. खाली नाव नव्हतं, गाव नव्हतं, साल नव्हतं. नुसता आकडा होता, अठरा.

"एवढा मोठा केला," आई म्हणाली.

मग बोट पुढं करून, काचेला न लावता, ती एकेका बाईचं नाव घेऊ लागली. "हे रुखमा. हे सोजरा. हे खाली बसली ते मैनाबाई, मेली मांगल्या साली." स्वतःच्या चेहऱ्यापाशी आल्यावर तिचं बोट थांबलं आणि तिनं हात खाली घेतला.

मी चार वर्षांची होते तेव्हा वणीकडच्या सावंगपूर खाणीत पाणी शिरलं. माझे बाबा, ऋषी डाहुले, त्या पाळीत खाली होते. जे अडकले त्यांतला एकच जिवंत वर आला, आणि तो माझा बाप नव्हता. त्या दिवशी नागपूरहून एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला होता, मुकुंद वझलवार नावाचा. त्यानं काढलेला हा फोटो आधी पेपरात आला, मग एका मासिकाच्या मुखपृष्ठावर, मग बाहेरच्या देशात. त्याला मोठं बक्षीस मिळालं. वझलवारांचं नाव त्या फोटोनं झालं, असं सगळेच म्हणतात.

आमच्या घरी तो फोटो तेरवीच्या दिवशी पोचला. दौलतकाकानं, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावानं, पेपर आणून आजीपुढं टाकला. आजीला वाचता येत नव्हतं, पण सुनेचे दात बघायला वाचता यावं लागत नाही. "माहा पोरगा खाली बुडून मेला अन् हे फाटकापाशी दात काढून रायली," एवढंच ती म्हणाली. ते ऐकायला पंगतीला आलेलं अर्धं गाव होतं.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी समजलं. काही महिने घरात धुसफूस चालली. मग एका सकाळी आई, मी आणि एक पत्र्याची पेटी, अशी आम्ही तिघं मामाच्या बैलगाडीत बसलो. बाबांच्या जागी कंपनीत जी नोकरी मिळायची ती आईची होती. आईनं सही करून ती काकाला दिली. का दिली, ते तिनं कधी सांगितलं नाही. माहेरच्या गावी ती आश्रमशाळेत स्वयंपाकाला लागली. फोटो तिथंही तिच्याआधी पोचला होता. नळावर, बाजारात, कापूस वेचायला गेलेल्या बायकांत तिचं नाव पंचफुला कधी नव्हतंच. ती हसरी होती. मी हसरीची पोट्टी.

शाळेत असताना एकदा मी तिला विचारलं होतं, "तू का हसत होतीस गं?" ती चुलीपुढं होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "ज्याले सांगाचं त्याले सांगतलं होतं," ती म्हणाली. "तू नोको इचारू." तिच्या आवाजात असं काही होतं की मी पुन्हा विचारलं नाही.

मी नागपुरात नर्सिंगला होते तेव्हा एक दिवस बसथांब्यासमोरच्या भिंतीवर आई चिकटवलेली दिसली. वझलवारांच्या आयुष्यभराच्या फोटोंचं प्रदर्शन होतं, त्याची जाहिरात. मी गावातल्या किराणा दुकानात फोन लावून आईला बोलावून घेतलं. तिला कसं सांगावं ते कळत नव्हतं. सांगितलं तेव्हा ती चिडली नाही, रडली नाही. तिनं एकच विचारलं, "तो राहीन का तिथं? फोटोवाला?"

"शेवटच्या दिवशी त्यांचं भाषण आहे."

"मंग मी येतो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

भाषण त्याच दालनात होतं. मधोमध खुर्च्या मांडल्या होत्या आणि व्यासपीठ नेमकं अठरा क्रमांकाच्या पुढं होतं, त्यामुळं बोलणाऱ्याच्या डोक्यावर माझी आई हसत होती. आम्ही मागच्या बाजूला बसलो. कुणी आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी ओळखलं नसतं. चुलीच्या धगीनं आणि उन्हानं तिचा चेहरा निराळाच झाला होता.

मृणाल बोकारे नावाच्या प्राध्यापिका बाईंनी ओळख करून दिली. वझलवार उठले. साठीचा, उंच, हळू बोलणारा माणूस. मला वाटलं होतं तसा तो नव्हता. मला वाटलं होतं, गर्विष्ठ असेल. त्यांच्या बोलण्यात मऊपणा होता, आणि समोरच्याचं ऐकताना ते कमरेतून पुढं वाकायचे.

बोलणं संपलं आणि एका मुलानं हात वर केला. "सर, अठरा नंबर. ती बाई का हसतेय?"

सगळीकडे हशा पिकला. हा प्रश्न नेहमीचा असणार. वझलवारही हसले.

"हा प्रश्न मला लोक गेली कितीतरी वर्षं विचारतायत," ते म्हणाले. "मी एकदाही उत्तर दिलेलं नाही. आजही देणार नाही."

टाळ्या पडल्या.

"का देत नाही ते मात्र सांगतो. फोटो काढणाऱ्यानं अर्थ सांगायला सुरुवात केली की बघणारा बघायचा थांबतो. मी बटण दाबलं, तिथं माझं काम संपलं. मी खाली एक ओळ लिहिली तर तुम्ही ती ओळ वाचाल आणि पुढच्या फोटोकडे जाल. नाही लिहिली तर उभे राहाल. ती बाई आता माझी नाही, तुमची आहे. तुम्हीच सांगा, ती का हसते?"

आणि लोक सांगू लागले.

"मला ती सुटल्यासारखी वाटते," पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली. "कदाचित नवरा दारू पिऊन मारत असेल. तो गेला आणि ती पहिल्यांदा मोकळा श्वास घेतेय. इतर बायका रडतायत, कारण रडायची रीत आहे. हिनं ती रीत मोडली."

आईचा हात माझ्या मनगटावर आला. "कदी बोट नाही लावलं त्यायनं," ती माझ्या कानाशी म्हणाली.

"हे हसू नाहीच," एक वयस्कर गृहस्थ म्हणाले. "हे वेड आहे. दुःख सोसवेनासं झालं की माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो."

"ती मालकांना हसतेय," एक दाढीवाला मुलगा म्हणाला. "खाणीच्या मालकांना, सरकारला, आपल्या सगळ्यांना. ते हसू म्हणजे आरोप आहे."

"मला तिची भीती वाटते," एक मुलगी म्हणाली. "अशी आई मला नको."

प्रत्येकाच्या बोलण्यावर वझलवार मान डोलवत होते. "सुंदर. हेही असू शकेल. अगदी शक्य आहे."

मी उठायला लागले. काय बोलणार होते ते मलाच माहीत नव्हतं, पण त्या मुलीला तरी सांगणार होते की मागं वळून बघ. आईनं मला खाली ओढलं.

"बस. या लोकायशी काय भांडतं? त्यायले काय मालूम? ज्याले मालूम हाये त्याच्याशी बोलाचं हाये मले."

कार्यक्रम आटोपला. चहा बाहेरच्या पडवीत होता. लोक तिकडं गेले. वझलवार फोटोपाशीच थांबून दोघातिघांना पुस्तकावर सह्या देत होते. मृणाल बोकारे शेजारी उभ्या होत्या. सह्या घेणारे पांगेपर्यंत आई वाट पाहत राहिली. मग ती पुढं गेली.

"नमस्कार."

"नमस्कार, बाई. आवडलं का प्रदर्शन?"

"हे मी हाये," आई म्हणाली आणि तिनं वर बोट केलं.

वझलवारांनी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. हातातलं पेन त्यांनी खिशाला लावायचा प्रयत्न केला. ते दोनदा निसटलं.

"अगबाई! सर, या त्या? खरंच?" मृणालबाई जवळजवळ ओरडल्याच. "थांबा हं, सगळ्यांना आत बोलावते. केवढा योग म्हणायचा हा!"

"मृणाल," वझलवार म्हणाले, "आमच्यासाठी चहा आणता का? आणि कुणाला बोलावू नका. कृपा करून."

त्या गेल्या. दालनात आम्ही तिघंच उरलो.

"बसा ना," ते म्हणाले.

"नाही. उभीच बरी."

"मला तुमचं नावसुद्धा माहीत नाही."

"माझं तुमी इचारलंच नव्हतं. मालकाचं इचारलं होतं. ऋषी डाहुले. आठवते?"

मला काही उमजेना. "आई, काय म्हणतेस तू?" मी म्हटलं. ती माझ्याकडे वळली नाही. जे बोलली ते त्यांच्याकडे बघतच बोलली.

"सकाळपासून तुमी आमच्या बायायच्यात होते. आमाले पानी देल्लं, तुमच्या बाटलीतलं. मैनाबाईले धरून बसवलं. मले वाटलं, चांगला मानूस हाये. मंग मले इचारलं, तुझा कोन हाये खाली? मी नाव सांगतलं. तुमी हापिसाकडं गेले, अन् पळत आले परत. काय म्हटलं होतं मले?"

वझलवार खाली बघत होते.

"म्हना ना. माझ्या ध्यानात हाये. तुमच्या हाये का, ते पाहाचं हाये मले."

"'काढलं,'" ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "'वर काढलं त्यांना. जिवंत आहेत.'"

पडवीतून कपबश्यांचा आणि हसण्याबोलण्याचा आवाज येत होता.

"अन् मंग?" आईनं विचारलं.

"मग तुम्ही हसलात."

"अन् मंग?"

"मग मी फोटो काढला."

मी वर बघितलं. हा चेहरा मी आयुष्यभर बघत आले होते. लपवलेला, फाडलेला, पोरांनी वहीत घालून माझ्यापुढं नाचवलेला. बाबा जिवंत आहेत असं वाटलेला आईचा चेहरा असा दिसत होता, हे मला त्या वेळी कळलं. मला तो नीट बघताही आला नाही. डोळ्यांपुढं सगळं पाणी झालं होतं.

"निघाला तो हिचा," आई म्हणत होती. पदराचा बोळा तोंडात कोंबलेल्या बाईकडे तिनं बोट केलं. "सोजराचा. घडीभरानं नाव पुकारलं तवा समजलं. पाहा ना. तिचा जिता हाये अन् ते रडून रायली. माझा मेला हाये अन् मी हासून रायली."

"बाबांचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" मी वझलवारांना विचारलं. "ऑफिसात कोण म्हणालं, ऋषी डाहुले निघाले म्हणून?"

"दाराशी गर्दी होती. एक जण जिवंत सापडला, एवढं कानावर आलं."

"आणि नाव?"

"नाव नव्हतं ऐकलं."

"मग आईलाच का सांगितलंत? तिथं इतक्या बाया होत्या."

त्यांनी उत्तर इतकं सरळ दिलं की मी ते अजून विसरू शकलेले नाही. खोटं बोलणारा माणूस असं उत्तर देत नाही.

"उजेड त्यांच्यावर होता," ते म्हणाले. "आभाळ जरा उघडलं होतं. बाकीच्या सगळ्या फाटकाच्या सावलीत होत्या."

आईला ते समजलं की नाही, मला सांगता येणार नाही.

"मी मुद्दाम केलं असं नाही," ते घाईनं म्हणाले. "मला वाटलं असेल, यांचाच असेल. खरंच वाटलं असावं. इतकी वर्षं झाली, आता माझं मलाच सांगता येत नाही."

"माझा दीर आलता तुमच्याकडं," आई म्हणाली. "नागपुरात. मीच धाडला होता. म्हटलं, बुढीले माझं पटत नाही, तं त्या मानसालेच इचारा. त्यानं सांगतलं म्हनून हासली मी. तुमी काय म्हटलं माझ्या दिराले?"

"तेव्हा पुष्कळ लोक यायचे..."

"त्याले काय म्हटलं?"

"म्हटलं, मी माझ्या फोटोचा अर्थ सांगत नसतो." वझलवारांनी कपाळ पुसलं. "पहिल्यांदा ते मी त्यालाच म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. बक्षीस नुकतंच जाहीर झालं होतं. नंतर कुणीतरी मुलाखतीत विचारलं, तेव्हा तेच म्हटलं. लोकांना ते आवडलं."

"त्यानं घरी येऊन सांगतलं, फोटोवाल्याले इचारलं, पन सांगाजोगं काही नाही म्हनते तो." आईचा आवाज चढला नव्हता. "मंग बुढी म्हने, पाय, नवरा मेला तं मेला, वरून खोटं बोलते. मंग मी कोनालेच नाही सांगतलं. पोरीले बी नाही."

पडवीच्या दारात मृणालबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. त्या आत आल्या नाहीत.

"आता लिहा," आई म्हणाली. "याच्या खालती लिहा."

"बाई, लिहिलं की तो फोटो..." वझलवार बोलता बोलता थांबले. माझ्याकडे बघून थांबले असावेत. "काय लिहू?"

"झालं ते."

"लिहितो," ते म्हणाले. "शब्द देतो तुम्हाला."

त्यांनी आईपुढं हात जोडले. आईनंही जोडले, सवयीनं. मग आम्ही बाहेर पडलो. गावाकडच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. बुटीबोरी मागं पडेपर्यंत ती बाहेर बघत होती आणि मग, मला वाटतं पहिल्यांदाच, दिवसाउजेडी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली.

वझलवारांनी शब्द पाळला. प्रदर्शन नागपूरहून मुंबईला गेलं, आणि काही आठवड्यांनी एका पेपराच्या रविवारच्या पुरवणीत पानभर मजकूर आला. वर तो फोटो. खाली, आयुष्यात पहिल्यांदा वझलवारांनी आपल्या फोटोला लिहिलेल्या ओळी.

"खाणीत अडकलेला आपला पती जिवंत असल्याचं या स्त्रीला नुकतंच सांगण्यात आलं आहे. थोड्याच वेळात तिला कळणार आहे की ते खरं नव्हतं. सावंगपूर."

सोबतच्या लेखात लिहिलं होतं की लोक आता त्या फोटोपुढं उभे राहून रडतात. एका बाईला भोवळ आली. लेख लिहिणाऱ्यानं विचारलं होतं, इतकी वर्षं तुम्ही गप्प का राहिलात? वझलवार म्हणाले होते, ते तिचं दुःख होतं. तिची परवानगी मिळेपर्यंत ते मी उरात सांभाळलं.

मी हॉस्टेलमधून त्यांना फोन लावला.

"मी लिहिलं की," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला मऊपणा तसाच होता. "त्यात एक शब्द खोटा आहे का, सांगा."

"'सांगण्यात आलं आहे,' असं लिहिलंय. कुणी सांगितलं ते लिहा ना."

"त्यानं काय होईल? लोक माझ्याकडे बघतील. तुमच्या आईंकडे कुणी बघणार नाही. तो फोटो त्यांचा आहे. त्यात मी शिरू नये असं मला वाटतं."

मी आणखी काय बोलले ते आठवत नाही. बरंच बोलले. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले, एकदाही चिडले नाहीत, आणि शेवटी म्हणाले, "तुमचा राग मला समजतो, बेटा."

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला ते पान वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "चाल, बुढीकडं जाऊ."

आम्ही त्या घरातून निघाल्यापासून आई आजीला भेटली नव्हती. आजी आता काकाबरोबर कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत होती. पुढच्या खोलीत बाज टाकलेली, त्यावर ती. डोळ्यांनी जवळजवळ गेली होती. आईनं पाया पडून नाव सांगितलं तेव्हा तिनं हात पुढं केला आणि आईचं मनगट चाचपलं. "वाळली," म्हणाली. मी बाजेच्या पायाशी बसून पान वाचलं. काका दारात उभा राहून ऐकत होता, कामावरचे बूट घालून.

आजीनं मान माझ्याकडे वळवली.

"कोनं सांगतलं होतं तिले?" तिनं विचारलं. "जिता हाये म्हनून?"

"ते नाही लिहिलं," मी म्हटलं.

"मंग काय लिहिलं? तिच्या मनालेच वाटलं असन. मानसाले जे पाहिजे असते ते बरोबर आयकू येते."

आईनं काकाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तो बुटाची नाडी बांधायला वाकला, बांधलेलीच होती तरी.

"जुनं झालं ते आता, वहिनी," तो खालूनच म्हणाला. "कायले उकरता? जेवून जाजा." आणि पाळीला उशीर होतो म्हणून निघून गेला.

आम्ही जेवलो नाही.

पुढं वझलवार जिथं जातील तिथं ती गोष्ट सांगू लागले. एकदा टीव्हीवर मी त्यांना ती सांगताना ऐकलं. फाटक, रडणाऱ्या बाया, आभाळ उघडल्याचा तो क्षण. सगळं फार छान सांगायचे. "तेवढ्यात तिला कळतं, की तो जिवंत आहे," इथं आल्यावर त्यांचा आवाज भरून यायचा. तो खोटा भरून येत होता असं मी म्हणणार नाही. आश्रमशाळेतल्या बाया आता आईला हसरी म्हणेनाशा झाल्या. त्या तिच्याकडे बघून चुकचुकायच्या.

आता मीच नोकरीतून निवृत्तीकडे आले आहे. आई माझ्याकडेच असते. वझलवार गेले ते मागच्या पावसाळ्यात. पेपरात त्यांच्या फोटोपेक्षा आईचाच फोटो मोठा होता. त्या सकाळी ती गॅलरीत बसून तांदूळ निवडत होती. मी पान तिच्यापुढं धरलं. तिनं चष्मा वर करून स्वतःला पाहिलं.

"खालती लिहिलं हाये का?"

"हो. तेच."

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

तिनं ताटातला एक खडा उचलून खाली टाकला.

"नव्हतं लिहिलं तेच बरं होतं वं," ती म्हणाली. "तवा लोकं इचारत तरी होते, काऊन हासली म्हनून. इचारता इचारता एखांद्याले खरं सापडलं बी असतं. आता कोनी इचारतच नाही."